मोकळ्या रस्त्यावरचा ब्रेक

मी गाड्या दुरुस्त करतो. गोष्टी रचणं मला जमत नाही. जमलं असतं, तर 'गाडी कधी मिळेल' असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकांना जरा बऱ्या थापा मारल्या असत्या.

म्हणून जे झालं ते तसंच सांगतो. पटलं तर पटलं.

एक आधीच सांगून ठेवतो. यात अंधार नाही. वादळ नाही. कुत्र्यांचं रडणं नाही. हे झालं उन्हाळ्यातल्या एका मंगळवारी, दुपार कलताना. वजनकाट्याच्या मागून हायवेला जाणाऱ्या सरळसोट रस्त्यावर.

लख्ख उजेडात.

त्याचाच जास्त त्रास होतो. अंधार असता तर म्हणता आलं असतं, की काहीतरी होतं आणि मला दिसलं नाही.

त्या वर्षी मी फार दमलो होतो. माझं गॅरेज लहान. एक खड्डा, एक जॅक, एक खडखडणारा पंखा आणि माझी कंबर. सकाळी शटर वर करताना जी धरायची, ती संध्याकाळी शटर खाली ओढलं तरी सोडायची नाही. बायको म्हणायची, "लोकांच्या गाड्या राहू द्या, आधी स्वतःचं इंजिन उतरवून घ्या."

अशात सूनबाई गाडी घेऊन आली.

सूनबाई म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलवाल्या सरांची सून. भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे तिला सूनबाईच म्हणतात. आणि सर म्हणजे हळूसर. हे नाव त्यांना पोरांनी ठेवलं होतं. शिकवताना त्यांच्या तोंडात एकच शब्द असायचा. हळू.

अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली. माझ्या बायकोलाही. मी मेकॅनिक असून तिला स्वतः शिकवायला गेलो, तर पहिल्याच दिवशी आमचं बोलणं बंद झालं. मग तिला सरांकडे धाडलं. सरांचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नाही.

सर हिवाळ्यात गेले. गाडीतच. शिकवता शिकवता.

मुलगा जहाजावर नोकरीला. वर्षातला बराचसा काळ पाण्यावर. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. स्कूल बंद करायचं की चालवायचं, असा प्रश्न आला तेव्हा सूनबाईनं पदर खोचला. सकाळी सासूबाईंचं सगळं करायचं, मग शिकवण्या, दुपारी परत घर, संध्याकाळी परत शिकवण्या.

तिच्याकडे बघून माझीच कंबर दुखायला लागायची.

गाडी जुनी होती. सरांनी ती घेतली तेव्हा माझे सगळे केस काळे होते. शिकवायची गाडी, म्हणून डाव्या सीटपुढेही दोन पेडल बसवलेली. एक क्लच, एक ब्रेक. शिकणाऱ्यानं घोळ घातला, की शेजारी बसलेल्यानं डावीकडून दाबायचं. म्हणजे ड्रायव्हरकडची पेडलही खाली जातात.

"काका, गाडी तापते," सूनबाई म्हणाली. "आणि रेस आपोआप वर-खाली होते. उभी असताना तर जास्तच. आता बंद पडेल की काय असं वाटतं."

"कधीपासून?"

"मी चालवायला लागल्यापासून."

मी हसलो. ती हसली नाही.

"सर असताना तापायची?"

"नाही. कधीच नाही."

ठेवून घेतली. जुनी गाडी तापते म्हणजे कारणं ठरलेली असतात. पाणी कमी, पाण्याचा पंप गेला, थर्मोस्टॅट अडकला, फॅन वेळेवर लागत नाही, रेडिएटर आतून गाळानं भरला. एकेक बघत गेलो. रेडिएटर धुतला, थर्मोस्टॅट बदलला. फॅन तपासला, ठणठणीत. रेस खाली-वर होते म्हणजे बहुतेक कुठूनतरी हवा ओढली जाते. रबरी पाइप बदलले. थ्रॉटल साफ केला.

मग गाडी चालू करून तशीच उभी ठेवली. चहा प्यायलो. दुसऱ्या गाडीचं काम केलं. परत येऊन बघितलं...

तापमानाचा काटा अर्ध्यावर. रेस एका सुरात. बोनेटवर पाण्यानं भरलेला पेला ठेवला असता तर पाणी हललं नसतं.

"घे," मी म्हणालो. "आता काही व्हायचं नाही."

दोन दिवसांत परत आली.

"तापते, काका."

पुन्हा ठेवून घेतली. पुन्हा तेच. गॅरेजमध्ये उभी असताना गाडी कशी, तर शहाण्या पोरासारखी. काही म्हणून काही करेना. हेडच्या गॅस्केटची शंका आली, तीही तपासली. सुटं करायचं ते सुटं केलं, जोडायचं ते जोडलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललंय हे कळत होतं. पण रेडा कुठे उभा आहे, हेच सापडत नव्हतं.

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा मी म्हणालो, "चल, तू चालव. मी बसतो. रस्त्यावर काय करते ते बघू."

मी डावीकडचं दार उघडलं.

"काका," ती पटकन म्हणाली. "मागे बसाल का?"

"का गं?"

ती सीटबेल्ट लावत बसली.

मी मागे बसलो.

बाजारातून निघालो. पोरगी गाडी सुरेख चालवत होती. घाई नाही, धक्का नाही. सासऱ्यांचं शिक्षण दिसत होतं. मी दोन सीटच्या मधून मान पुढे काढून काट्याकडे बघत होतो.

पाण्याच्या टाकीपाशी रस्ता रिकामा होता.

तिथे मला आवाज आला.

फुस्स...

बारीक. उसासा टाकल्यासारखा.

हा आवाज मी झोपेतही ओळखीन. ब्रेक दाबला, की पुढच्या बूस्टरमधून असा हवेचा आवाज येतो. आणि हवा ओढली गेली की रेस क्षणभर पडते.

रेस पडली. परत चढली.

"ब्रेक का मारलास?"

"मी नाही मारला."

मी तिच्या पायांकडे बघितलं. उजवा पाय ब्रेकपासून लांब होता.

फुस्स...

रेस पुन्हा पडली. गाडी जड झाली, कुणी मागून धरून ठेवल्यासारखी. मग सुटली.

माझी नजर डावीकडे गेली. रिकामी सीट. तिच्यापुढची दोन पेडल. वर्षानुवर्षं सरांच्या बुटांनी घासून रबर गुळगुळीत झालेलं.

ब्रेकचं पेडल खाली गेलेलं होतं.

माझ्या डोळ्यांदेखत ते सावकाश... वर आलं.

खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. उलट जीव भांड्यात पडला. दोष सापडला होता. जोडणी अडकतेय, दुसरं काय. डावीकडची पेडल आपोआप ओढली जातात, ब्रेक घासत राहतो, इंजिनाला ओझं होतं, गाडी तापते. ब्रेक लागला की रेस पडते. सगळं एका दोरीत ओवलं गेलं.

"सापडलं," मी म्हणालो. "आजच काढून टाकतो ती पेडल. काही दिवस विनापेडल चालव, मग नवीन बसवू."

आरशात तिचे डोळे दिसले. तिला आनंद झालेला दिसला नाही.

त्या संध्याकाळी मी डावीकडची दोन्ही पेडल, दांडे, जोडणी सगळं काढून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवलं. तिथे नुसता पत्रा उरला.

दुसऱ्या दिवशी ती परत आली.

गाडीच्या आधी वास आला. जळक्या ब्रेकचा. पुढच्या चाकाजवळ हात नेला तर झळ लागली. रिकाम्या गाडीचे ब्रेक इतके तापत नाहीत. भरलेली गाडी घाटातून उतरवली तरच असे तापतात.

चाकं काढली. ब्रेक उघडले. पिस्टन मोकळे. पाइप साफ. काहीही अडकलेलं नाही.

म्हणजे कुणीतरी ब्रेक दाबत होतं. एवढाच अर्थ निघत होता.

मी खाली बसलो तो उठलोच नाही बराच वेळ.

"सूनबाई," मी म्हणालो, "राग नको मानू. सवय असते काहींना. ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवायची. आपल्याला कळतही नाही."

"तुम्ही मागून या," ती शांतपणे म्हणाली. "बघा."

मी स्कूटर काढली. ती पुढे, मी मागे. वजनकाट्याच्या मागच्या रस्त्याला लागलो. तो रस्ता सपाट आहे आणि दुपारी तिथे चिटपाखरू नसतं. तिनं खिडकीची काच खाली केली होती. ब्रेकला पाय लावायचा नाही, असं आमचं ठरलं होतं.

थोडं अंतर सरळ गेलो.

मग मागचे लाल दिवे लागले...

विझले.

पुन्हा लागले. आणि लागलेलेच राहिले. गाडी हळूहळू थांबत गेली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मी स्कूटर बाजूला घेतली. खिडकीतून डोकावलो.

तिचे दोन्ही पाय सीटवर होते. मांडी घालून बसली होती. इंजिन चालू. गाडी गिअरमध्ये.

खाली क्लच आणि ब्रेक, दोन्ही पेडल तळाला टेकलेली.

"बघितलंत?" ती म्हणाली.

मी मान डोलावली.

फुस्स...

पेडल वर आली. तिनं पाय खाली सोडले आणि गाडी सांभाळली.

परत गॅरेजवर आलो. मी दोन स्टुलं पंख्याखाली ठेवली. ती बसली आणि तिचे खांदेच गळाले. वाटलं, ही इथेच झोपते की काय.

"आधी का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुम्ही म्हणाला असतात, जागरणानं डोकं फिरलंय. मलाही तसंच वाटत होतं. जागरण होतंच, काका. सासूबाईंना रात्री तीनदा उठवून कूस बदलावी लागते."

मग तिनं सर गेले त्या दिवसाचं सांगितलं. मला एवढंच माहीत होतं, की ते शिकवताना गेले. कुणाला शिकवताना, ते कधी विचारलं नव्हतं.

तिलाच.

"बाबा म्हणत होते, तू शिकून घे, पुढे तुलाच बघायचंय. त्या दिवशी मी चालवत होते. चांगलं जमत होतं. एकदम गाडी थांबली. त्यांनी डावीकडून थांबवली. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. मी समोर बघत बसले. आता सांगतील काय चुकलं ते. मला त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना. लाज वाटत होती."

पंखा खडखडत होता.

"किती वेळ बसले, माहीत नाही. इंजिन चालूच होतं. मग बोनेटमधून वाफ यायला लागली. गाडी तापली. तेव्हा मी मान वळवली."

तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

"लोकांनी त्यांना बाहेर काढलं. पण ब्रेकवरचा पाय सुटत नव्हता. दोघांनी मिळून सोडवला."

मी तिच्यासाठी चहा आणला. तिनं तो निवू दिला आणि मग प्यायली.

"गाडी ठेवून जा," मी म्हणालो. "उद्या मी एकटा चालवून बघतो."

तो मंगळवार.

दुपार कलली होती. मी गाडी बाहेर काढली. डावीकडे नुसता पत्रा. मागे कुणी नाही. काचा खाली केल्या, म्हणजे प्रत्येक आवाज ऐकू येईल. घाबरलो होतो का? थोडासा. पण खरं सांगू, थकवाच जास्त होता. एकदाचं काय ते कळू दे, असं झालं होतं.

वजनकाटा मागे गेला. समोर सरळ रस्ता. दोन्ही बाजूंना गोदामांच्या भिंती. ऊन इतकं, की डांबर चमकत होतं.

काटा अर्ध्यावर. रेस एका सुरात.

मी मनात म्हटलं, बघ, काही नाही.

आणि माझ्या पायाखालून... जमीन सरकावी तसं वाटलं.

दोन्ही पेडल खाली चालली होती.

जोरात नाही. धसका बसेल असंही नाही. मुरलेला माणूस ब्रेक लावतो तसा. आधी जरासा, मग थोडा जास्त, शेवटी अलगद. माझा उजवा पाय अधांतरी राहिला. मी पेडलच्या खाली बोटं घालून वर ओढायचा प्रयत्न केला. पेडल हललं नाही. वर कुणाचातरी अख्खा भार असावा, तसं.

गाडी थांबली.

मला वाटलं, कळलं. आता समोरून एखादा ट्रक सुसाट येणार. गोदामाच्या फाटकातून कुणीतरी धावत बाहेर पडणार. सरांनी मला वाचवलं. अशा गोष्टी आपण ऐकलेल्या असतात.

मी स्टिअरिंग घट्ट धरून बसलो.

ट्रक आला नाही.

कुणीच आलं नाही.

रस्ता दोन्हीकडे मोकळा. फाटकं बंद. एक पिशवीसुद्धा उडत नव्हती.

इंजिनाचा आवाज खाली-वर व्हायला लागला. पडायचा, चढायचा. पडायचा, चढायचा. काटा अर्ध्याच्या वर सरकला. फॅन लागला.

तेवढ्यात बोनेटवर काहीतरी वाजलं.

टप...

हलकंसं. एखादा म्हातारा माणूस थांबलेल्या गाडीसमोरून रस्ता ओलांडताना आधाराला हात टेकतो ना, तसं.

गाडीचं नाक जरासं खाली गेलं. आणि वर आलं.

समोर कुणी नव्हतं. मी डोळे फाडून बघत होतो. ऊन होतं. डांबर होतं. बाकी काही नव्हतं.

मग एक आवाज. घासल्यासारखा. बोनेटच्या कडेवरून... डावीकडून उजवीकडे... सावकाश सरकत गेला.

माझ्या खिडकीच्या थोडं पुढे येऊन तो थांबला.

मी खिडकीबाहेर बघितलं नाही. समोरच बघत राहिलो. सूनबाई कशी बसून राहिली असेल, ते मला त्या क्षणी कळलं.

फुस्स...

पेडल वर आली. गाडी पुढे सरकली.

हायवेला लागेपर्यंत असं आणखी दोनदा झालं. एकदा झटकन सुटली. एकदा मात्र काटा लाल रेषेला टेकेपर्यंत गाडी उभी होती. त्या वेळी टप आवाज एकदाच आला नाही. बरेचदा आला. निरनिराळ्या ठिकाणी. त्यातले काही फार खालून, बंपरपाशी, लहान पोरं हात लावत जातात तसे.

परत येताना मी दुसरा रस्ता धरला. लांबचा, वर्दळीचा. ट्रकच्या मागे, हॉर्नच्या गोंगाटात. आयुष्यात ट्रॅफिक पहिल्यांदा आवडलं.

सूनबाई गॅरेजवर येऊन बसली होती. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि बोनेटपाशी थांबली.

"काका, हे कुणी पुसलं?"

बोनेटवर धुळीचा थर होता. पुढच्या कडेला धूळ पुसली गेली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. चार बोटांचा पट्टा.

"माझाच हात लागला असेल," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे बघितलं. पुढे काही विचारलं नाही. दमलेली माणसं एकमेकांना फार प्रश्न विचारत नाहीत.

घरी गेलो. जेवण गेलं नाही. बायकोनं दोनदा विचारलं, तेव्हा सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, हसेल. ती हसली नाही. ताट बाजूला सारून बसली.

"एक सांगू?" ती म्हणाली. "सरांच्या शेजारी बसून मी गाडी शिकले. किती चुका केल्या असतील. पण सर कधी उगाच ब्रेक मारायचे नाहीत. एकदा मी घाबरून रिकाम्या रस्त्यावर ब्रेक मारला, तर म्हणाले, समोर कुणी असल्याशिवाय थांबायचं नाही."

"बरं, मग?"

"मग काय? थांबत असतील तर कुणी असेल."

एवढं बोलून ती उठली आणि भांडी घासायला लागली.

सूनबाईला मी गाडी विकायचा सल्ला दिला. भंगारातच काढ म्हणालो. तिनं नाही म्हटलं.

"मला एवढंच करून द्या," ती म्हणाली. "मोठा रेडिएटर बसवा. जास्तीचा फॅन बसवा. तापणार असेल तर तापू दे, पण बंद पडता कामा नये. मी पाण्याचा कॅन बरोबर ठेवीन."

"आणि ब्रेकचं काय?"

"ती पेडल परत बसवा."

"अगं, पण..."

"त्यांना सवय आहे त्याची," ती म्हणाली. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची खुर्ची जागेवर ठेवा म्हणावं, तितक्या साधेपणानं. "पेडल नसताना किती घासून घासून दाबत होते, बघितलंत ना. ब्रेक जळाले. पेडल असली की जरा सोपं जाईल."

मी बसवून दिली. रबरसुद्धा जुनंच ठेवलं. तिनंच सांगितलं.

आणि खरोखर फरक पडला. गाडी तापायची, पण कमी. रेस पडायची, पण इंजिन बंद पडायचं नाही. तिचं स्कूल चालू राहिलं. पोरंपोरी पास व्हायला लागली. तिच्या चेहऱ्यावर जरा तजेला आला. नवरा सुट्टीवर आला तेव्हा दोघं मिळून मला भेटायला आली होती. तो गाडीविषयी काही बोलला नाही. तिनं त्याला सांगितलं नसावं.

मागच्या महिन्यात ती ऑइल बदलायला आली. काम चालू असताना स्टुलावर बसली होती. मी खूप दिवस मनात ठेवलेला प्रश्न विचारला.

"अजून होतं?"

"रोज," ती म्हणाली. "शिकवताना मी डावीकडे बसते ना. माझ्या पायाच्या आधी पेडल खाली जातं. सुरुवातीला पाय काढून घ्यायचे. आता ठेवते. ते दाबतात, मीही दाबते. शिकायला आलेली पोरं विचारतात, मॅडम, रस्ता तर मोकळा आहे. मी म्हणते, असू दे, सवय करा."

"तुला दिसतं काही?"

"नाही. पण अंदाज येतो. थोडक्यात आटपलं तर एखादा माणूस असेल. जरा लांबलं तर दोघं-तिघं. कधी कधी इतका वेळ उभं राहावं लागतं, की वाटतं, किती जण आहेत."

"कुठे? कुठे लागतो इतका वेळ?"

तिनं खाली बघितलं. ओढणीच्या टोकाला बोट गुंडाळलं.

"तुम्हाला सांगणार नव्हते, काका."

"सांग."

"इथे. तुमच्या दारात."

मी हातातलं ऑइलचं भांडं खाली ठेवलं.

आता आठवून बघतो तर खरंच आहे. ती गाडी गॅरेजवर आली, की आत वळायच्या आधी रस्त्यावर उभी राहायची. पहिल्या दिवसापासून. मला वाटायचं, वळणावर पोरगी बिचकते. म्हणून मी हात हलवून 'ये, ये' करायचो. तरी ती थांबूनच असायची.

माझं गॅरेज तिथे आहे त्याला खूप वर्षं झाली. आधी काय होतं, मी चौकशी केली. काही नव्हतं. मोकळी जागा होती. कुणाचं काही झालेलं नाही. अपघात नाही, आग नाही. कुणालाच काही ठाऊक नाही.

त्या ओलांडणाऱ्यांना माझ्याकडे काय काम आहे, मला कळत नाही.

परवा ती परत आली. ब्रेक तपासायला. दुपारची वेळ होती. मी खड्ड्यातून वर आलो, तर गाडी दारात उभी. आत वळायच्या आधी थांबलेली. इंजिनाचा आवाज खाली-वर होत होता. फॅन लागला होता. स्टिअरिंगवर शिकायला आलेलं एक पोर होतं. डाव्या सीटवरून सूनबाई समोर बघत होती. हालचाल न करता.

तिनं नुसती मान हलवली. अजून नाही, अशी.

मी पाना हातात घेऊन उभा राहिलो. मग शटरच्या मधून बाजूला झालो. भिंतीला पाठ लावली आणि वाट मोकळी करून दिली.

बराच वेळ गेला.

ते आत येत होते की बाहेर जात होते, तेवढं काही मला कळलं नाही.